शनिवारचा पाव

आमच्या आणि सत्यशीलाच्या घरामधली भिंत एकच, आणि तीही सरकारी. पलीकडची फोडणीसुद्धा ऐकू यायची. खडकीच्या त्या क्वार्टर्समध्ये मी तांदूळ निवडत बसले होते. पलीकडे तिची लेक नम्रता बोलत होती. आवाज चढवला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"तो माणूस या घरात चहा प्यायला, तर मी इथलं पाणीही पिणार नाही."

"मला माफी फुकट मिळालीय, नम्रता. ती मी दुसऱ्याला विकत देऊ?"

"दादा काय तुझ्या एकटीचा होता?"

नम्रता हिंजवडीला, नोकरीजवळच्या होस्टेलात गेली ती गेलीच. नाताळला यायची, तीही पाहुण्यासारखी.

तो माणूस म्हणजे हिंमतराव. आमच्याच मंडळीतला, पण चर्चमध्ये नाताळापुरता. मार्केट यार्डातून टेम्पोने भाजी आणायचा. एका सकाळी पिऊन चालवत होता, आणि कामावर निघालेला शुभंकर, सत्यशीलाचा मुलगा, त्याच्या चाकाखाली गेला. हिंमतराव तुरुंगात असतानाच सत्यशीलाने पाळकसाहेबांकडून निरोप धाडला होता, की मी माफ केलं. सुटल्यावर तो तिच्या दारात आला, पाठीवर पोतं घेऊन. फ्लॉवर, मटार, लग्नघराला पुरेल एवढं.

सत्यशीलाने पोत्याकडे बघितलं. "शुभंकरच्या बदल्यात असेल तर उचल. एवढ्या भाजीत तो येत नाही."

मग मी करू काय, असं त्याने विचारलं. उद्या प्रभुभोजन आहे, बेकरीतून पाव घेऊन ये, एवढंच ती म्हणाली.

प्रभुभोजनाचा पाव कापायचं काम आम्हा दोघींकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये ते असतं, येशूच्या आठवणीत सगळे पावाचा तुकडा घेतात, म्हणून आदल्या दिवशी पावाच्या कडा काढायच्या आणि आतल्या पांढऱ्याचे बारीक चौकोन करायचे. त्या दिवसापासून पाव आणायचा हिंमतरावने. मग चहा व्हायचा आणि तो उरलेल्या कडा बुडवून खायचा. सत्यशीला चहा द्यायची ती कपाकडे बघून. त्याचे हात तिला बघवत नसत. माफी तिने एकदा दिली, असं लोक म्हणत. मी शेजारी बसायचे. तिला ती दर खेपेला नव्याने द्यावी लागत होती, आणि काही वेळा पुरत नव्हती.

रविवारी मात्र हा बाबा शेवटच्या बाकावर बसून राही. पाव घ्यायला उठत नसे. अशी काही वर्षं गेली. एका शनिवारी सत्यशीला म्हणाली, "कडा चालतात, आतलं चालत नाही होय रे?"

"तेवढी लायकी नाही, मावशी."

"लायकी बघून वाटायचं असेल तर उद्यापासून पावच आणू नकोस. मलाही मिळायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तो उठला. पुढे गुडघे टेकलेल्यांत हालचाल झाली. एका बाईंचे गुडघे अचानक दुखायला लागले, त्या उठून गेल्या. सत्यशीला सरकली आणि तिने शेजारी जागा केली. पाळकसाहेबांनी त्याच्या तळव्यावर तुकडा ठेवला, तेव्हा तिने त्याचा हात पहिल्यांदा बघितला.

त्यानंतर कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की हिंमतरावला हाक. वर चहाही मागून प्यायचा.

सत्यशीला गेली. कबरस्तानात नम्रता त्याच्याजवळ येऊन म्हणाली, "आई गेली. सुटलात तुम्ही आता. यायची गरज नाही." त्याने मान हलवली. मी धरून चालले, की आता पाव आपल्यालाच आणावा लागणार. माझ्या गुडघ्यांनी लगेच तक्रार केली.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तो पाव घेऊन माझ्या दारात. मी म्हटलं, अरे, तुला सुटी दिली ना नम्रताने?

"सुटलो ते फार आधी, मावशी. म्हणून तर येतो."

नम्रता त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. ते त्याने मागितलंही नाही.

शेवटचा पाव आणला तेव्हा त्याचं यकृत पार गेलं होतं. पोट फुगलेलं, पायांच्या काड्या. रिक्षातून उतरून भिंत धरत आला. पाव अजून कोमट होता. बेकरीवाला पाव लहान करत चाललाय, अशी कुरकुर करत बसला. मी कापत होते. चहात एक कड बुडवली, तेवढीच गेली. बाकीच्या कडा गल्लीतल्या कुत्र्यासाठी कागदात बांधल्या. मग कप विसळून पालथा घातला आणि येतो म्हणाला.