काचेवर उतरवलेली शीट
परवा टेबललॅम्पवरची धूळ तापून जळकट वास आला आणि ऐंशीच्या दशकातली आमची बोरीवलीची खोली आठवली. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो. दोन स्टुलांवर खिडकीची काच, खाली पेटलेला दिवा, काचेवर मित्राची ड्रॉइंगची शीट आणि तिच्यावर माझी कोरी. खालून दिसणाऱ्या रेषा मी नुसत्या गिरवल्या. त्याने आपली शीट तीन दिवस खपून, चारचारदा खोडून काढली होती. देताना म्हणालाही, "मळलीय रे, सांभाळून घे." माझी तासाभरात झाली, एकदम झकास. दुसऱ्या दिवशी सरांना दोन्ही शीटमध्ये एकच चूक सापडली. त्यांनी त्याची मळकी शीट उचलली आणि फाडली. "कॉपी मारायची तर निदान स्वच्छ मार ना!" वर्ग हसला. तो माझ्याकडे बघत राहिला, मी पेन्सिलीला टोक करत राहिलो. सरांनी माझ्या हातात खडू देऊन तीच आकृती फळ्यावर काढायला लावली असती, तर माझी वाट लागली असती. त्या शीटपायी त्याला टर्म मिळाली नाही, परीक्षेला बसता आलं नाही, वर्ष गेलं. आज मी तोच विषय शिकवतो. काचेवर उतरवलेली शीट मला हातात घेताच कळते, आणि खडू पुढे करायचं सोडून मी तिच्यावर मुकाट सही करतो.