बोडीतल्या लाटा

रत्नागिरीहून निघताना आईने पिशवीत आंबापोळी घातली आणि मी माझी चकती. बंदराच्या कचेरीत मी धक्क्यांचे, बांधांचे पहिले कच्चे आराखडे करत असे. पुठ्ठ्याचे दोन गोल तुकडे एकावर एक बसवून ही चकती मीच बनवली होती. वाऱ्याचा जोर आणि पाण्याची लांबी जुळवली, की लाट केवढी उठेल आणि तिच्यासमोर केवढा दगड टिकेल, हे अर्ध्या मिनिटात दिसे. मी मुलगी पाहायला चाललो होतो आणि दाखवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

गोंदियाला अरुंद रुळांची छोटी गाडी धरली. ती इतकी सावकाश जाई, की शेतातल्या एका बाईने माझं गाव विचारलं आणि मी पूर्ण पत्ता सांगेपर्यंत ती खिडकीसमोरच होती.

बालाघाटला मुलीचे वडील, डोमाजी, बैलगाडी घेऊन आले होते.

"समुद्राचे इंजिनिअर ना तुम्ही? मंग इकडं काहून आले? इथं तं समुद्र नाही!"

"मुलगी इकडे आहे," मी म्हणालो. ते खूश झाले.

घरी चिन्नोर (तिकडचा सुवासिक तांदूळ) आणि वरण इतकं वाढलं, की मला उठवायला दोघे लागले. मग डोमाजींनी बोडी (शेताजवळचं लहान तळं) दाखवली. लाटांनी तिची मातीची पाळ खचत होती. तिथे हत्तीएवढे दगड टाकायचे, असं ते गावभर सांगून बसले होते. "अर्ध्या मिनिटात सांगतो," म्हणत मी चकती फिरवली. वादळातही लाट वीतभर. दगड नारळाएवढा पुरे.

डोमाजींचा चेहरा पडला. "करूनच पाहू. दगड हालला तं सोयरीकबी हालली, पावणे!"

पाळीच्या एका तुकड्यावर दगड रचले. वारा पडलेला. मग मुलीचे तीन काका एक जुनं दार घेऊन पाण्यात उतरले आणि ते मागेपुढे ढकलू लागले. लाटा उसळल्या. मधले काका घसरून दारावर आडवे झाले आणि तरंगत चालले.

"मले वाचवा!"

"उभे राहा ना भाऊ!" दुसरे ओरडले. ते उभे राहिले. पाणी कमरेला होतं. दगड मात्र तसूभरही हलले नाहीत. आनंदाने मी मागे सरकलो आणि चकतीसकट बोडीत बसलो.

मुलगी, शेवंता, शाळेत शिकवत असे. सकाळपासून तिने मान वर केली नव्हती. आता ती पाळीवर उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होती. पुठ्ठा फुगून अनारशासारखा झालेला. तो तिने काठीने काठाला ओढला.

"अर्ध्या मिनिटातलं उत्तर चुकलं तं?"

"तो पहिला अंदाज. नीट हिशेब पुढे सावकाश करायचा."

"मंग मीबी अंदाज घेतला तुमचा," ती म्हणाली. "बाबा, माह्याकडून हौ. हिशेब करू सावकाश."

परतीच्या गाडीत ओलं धोतर खिडकीला बांधून मी विचार करत बसलो. इतकी वर्षं आराखडे करतोय; पण पाण्यातून निथळत उभा असताना, एकाच शंकेवर मंजूर झालेला आराखडा एकच: मी स्वतः.