बहिणीच्या लग्नातली कानपिळी

लग्नाला बारा दिवस उरले असताना बाबांचा फोन आला. मी अमरावतीला, राजापेठेतल्या ट्यूशन क्लासमध्ये आठवीला गणित शिकवत होतो. बाबा मला सहसा फोन करत नाहीत, म्हणून जिन्यात जाऊन उचलला. अकोल्याच्या व्याह्यांनी विचारलं होतं, कानपिळी कोण करणार, त्याच्यासाठी पोशाख घ्यायचा आहे. आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि नवरदेवाकडून त्याला कपडे मिळतात. मला हे ठाऊक नसल्यासारखं बाबा सगळं सांगत राहिले. मग म्हणाले, "तुया चुलतभावाचं नाव सांगतो मी. वाईट नको वाटू देऊ."

नाही वाटत, म्हणालो. वर्गात परतलो, तर फळ्यावरचं उदाहरण मलाच सुटेना.

मला मुलगी म्हणून वाढवलं होतं. दहावी झाली तरी पाळी आली नाही, आवाज जाड होत गेला, तेव्हा आई मला अचलपूरहून एस.टी.ने अमरावतीला घेऊन आली. तपासण्या झाल्यावर डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की काही मुलं अशाच शरीराने जन्मतात, पूर्ण बाईच्याही नाही आणि पुरुषाच्याही नाही. यात कोणाचा दोष नसतो, आणि आपण कोण हे त्या मुलानेच सांगायचं असतं. आईने विचारलं, गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतील. बाई चिडल्या नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मी मुलगा आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तोवर कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी केस कापले. नाव बदलण्याचा अर्ज कसा लिहायचा ते कॉलेजच्या प्राचार्यांनी शेजारी बसवून शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं, पण तो आनंद गावात सांगता आला नाही. थोरली, म्हणजे मी, पुण्याला नोकरीला आहे, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. तीन वर्षं मी गावी गेलो नव्हतो.

बाबांच्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी बहिणीचा आला. होणाऱ्या नवऱ्याला तिने माझ्याबद्दल सगळं सांगितलं होतं. साखरपुडा झालेला, पत्रिका वाटलेल्या. माझ्यामुळे सोयरीक मोडली तर आयुष्यभर मी तिला तोंड कसं दाखवू? मी तिला नाही नाही ते बोललो. तिने ऐकून घेतलं.

"मले भाऊ हाय, तर दुसऱ्याले काहून उभं करू?" ती म्हणाली. "ते म्हणे, घरच्याईशी बोलून सांगतो."

चार दिवस काहीच कळलं नाही. मी दर तासाला फोन पाहायचो, आणि वाजला की उचलायची भीती वाटायची. खोलीवर थांबवत नव्हतं. रविवारी मोझरीच्या आश्रमात गेलो, प्रार्थनेला बसलो आणि अर्ध्यातच उठून परतीची बस धरली.

पाचव्या दिवशी बाबांचा फोन आला. "तुयं शर्टाचं माप काय?"

"चाळीस."

"बरं." फोन बंद. व्याही म्हणाले होते, लपवलं असतं तर राग आला असता. हे मला नंतर बहिणीकडून कळलं.

अकोल्याच्या मंगल कार्यालयात गावची माणसं ट्रॅव्हल्सने आली होती. त्यांच्याकडे न पाहता मी पुढे झालो आणि कान इतका हळू धरला की नवरदेवच म्हणाला, "पिळा ना साळेबुवा. फोटोवाल्यानं अजून कॅमेरा बी नाई उचलला." मुलाकडची मंडळी हसली. आमच्या बाजूला कोणी हसलं नाही. मी पुन्हा पिळला, या वेळी जरा जोराने.

पाठवणी झाल्यावर मी अमरावतीला निघणार होतो. आई-बाबांच्या पाया पडायला ट्रॅव्हल्सपाशी गेलो, तर आत्या दारातूनच म्हणाली, "उभा काहून हाय? चढ. रस्ताभर इचारू दे सगळ्याईले, एकदाचं होऊन जाते."

बाबांनी खिडकीकडे सरकून जागा केली. मी बसलो.

दर्यापूर येईपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. मला सारखं वाटत होतं, कोणीतरी बोलावं नाहीतर मला उतरू द्यावं. मग मागच्या सीटवरून आमच्या घराशेजारचे म्हातारे काका पुढे वाकले. "तू तेच ना? पुण्याले गेलेली?"

बाबा बाहेर पाहत होते. त्यांनी मला थांबवलं नाही.

"पुण्याले मी कधी गेलोच नाई, काका," म्हणालो, आणि डॉक्टर बाईंनी आईला सांगितलं होतं तसं, पहिल्यापासून सांगायला लागलो.