आईचा निळा फ्रॉक

हिंदी सिनेमातला ख्रिश्चन माणूस मला सोळाव्या वर्षापासून डोक्यात जातो. तो सकाळपासून प्यायलेला असतो, त्याला धड हिंदी येत नाही, आणि त्याची मुलगी क्लबात नाचत असते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी अंधेरीच्या कॉलेजात जायला लागले, तेव्हा वर्गातली पोरं मला विचारायची, तुमच्याकडे रोज बाटली उघडतात का. आमच्याकडे रोज उघडायची ती लोणच्याची बरणी. वडील कारखान्यातून यायचे, चहा प्यायचे आणि आडवे व्हायचे.

आम्ही अंधेरीच्या पूर्वेकडच्या जुन्या गावठणातले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिश्चन. धर्म कित्येक पिढ्यांचा, पण घरात बोलणं मराठी, शेत भाताचं, आणि आई जन्मभर लुगड्यात. रोजचं साधं, लग्नकार्याला लाल चौकड्यांचं, अंबाड्यात सोन्याचं फूल. हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. स्नेहसंमेलनाला आईला बोलावलंही नव्हतं. पोरांच्या प्रश्नांनी मला राग यायचा हे खरं, पण त्यांना खरं उत्तर द्यायची हिंमत माझ्यात नव्हती.

एक दिवस सिनेमाचा एक माणूस आमच्या चर्चच्या आवारात आला. ख्रिश्चन लग्नाचा प्रसंग घ्यायचा होता, पाहुण्या म्हणून पंधराएक बायका हव्या होत्या. आईने लगेच पुढाकार घेतला. तिला सिनेमाचं वेड अजिबात नव्हतं. पण आता आपलं लग्न कसं असतं ते लोकांना पडद्यावर दिसेल, असं ती घरोघरी सांगत सुटली. ते तिच्या फारच मनात भरलं होतं.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजत-गाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्याशिवाय लग्न लागतं हे आईच्या कल्पनेतच नव्हतं. म्हणून तिने वडिलांकडून विहिरीचा काठ घासून घेतला, तांब्याचा हंडा चिंचेने लख्ख केला, वाजंत्र्यांना निरोप धाडला. सिनेमावाल्यांनी यातलं काही मागितलं नव्हतं. पण लग्न घेणार म्हणजे विहिरीवर येणारच, असं ती धरून चालली होती.

शूटिंगच्या सकाळी पंधरा बायका लाल लुगड्यांत चर्चसमोर उभ्या राहिल्या. आई सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर हंडा. दिग्दर्शकाचा साहाय्यक मराठीच होता, दादरकडचा. त्याने बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, ख्रिश्चनांचं लग्न आहे. कोळणींचा डान्स नाही."

आई म्हणाली, आम्ही ख्रिश्चनच. त्यावर त्याने कौतुकाने विचारलं की तुम्ही इतकं चांगलं मराठी कुठे शिकलात. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मग सिनेमावाल्यांनी कपड्यांच्या पेट्या उघडल्या. फ्रॉक, जाळीच्या टोप्या, हातमोजे. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कुणी हात लावेना. ऊन चढत होतं. साहाय्यक माझ्याकडे वळला. मी स्कर्ट घातला होता, म्हणून त्याला मी समजूतदार वाटले असणार. तू शिकलेली आहेस, तूच यांना समजाव, म्हणाला.

आणि मी समजावलं. आईला चर्चच्या मागच्या खोलीत नेलं आणि म्हटलं, "घाल ना गं. दोन तासांचा तर प्रश्न आहे. बरी दिसशील."

ते 'बरी दिसशील' मी मनापासून म्हटलं होतं, हे मला आज लिहिताना टोचतं. आईने माझ्याकडे पाठ केली, आणि मी निळ्या फ्रॉकची चेन वर ओढली. ती अर्ध्यात अडकली तेव्हा मीच जोर लावला. तिने कपडे बदलले म्हटल्यावर बाकीच्यांनीही बदलले. हंडा चर्चच्या पायरीवर राहिला आणि वाजंत्रीवाले परत गेले.

वर्षभराने सिनेमा लागला. आम्ही सगळ्या मिळून बघायला गेलो. तो प्रसंग मिनिटभराचा होता. नवऱ्याचा बाप दारू पिऊन केकवर पडतो, थिएटर हसतं. त्याच्या मागे निळ्या फ्रॉकमधली एक बाई उभी. एका हाताने ती फ्रॉक गुडघ्याखाली ओढत होती आणि दुसरा हात पुन्हापुन्हा डोक्याकडे नेत होती. डोक्यावर नसलेला पदर ती सावरत होती. शेजारच्या रांगेतला एकजण तिच्याकडेही बोट दाखवून हसला.

आईने सिनेमा शेवटपर्यंत बघितला. माझं लग्न तेव्हा ठरलेलं होतं, नाताळनंतरची तारीख होती. बाहेर आल्यावर भजी खाल्ली, मग गावठणाच्या रस्त्याने चालत निघालो. बाकीच्या बायका पुढे गेल्या तेव्हा तिने विचारलं,

"तुझ्या लग्नात मी काय नेसू गो?"

आईने कपड्यांबद्दल मला कधी काही विचारलं नव्हतं. गावठणातल्या बायकाच तिला विचारायला यायच्या.

"म्हणजे काय? लाल लुगडं," मी म्हटलं.

ती थोडी चालली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पण फोटो काढतील ना?"