मोडनिंबच्या बाईचा रिपोर्ट

"कोट्यातनं पास झालेल्यांना दुसऱ्याचा कोड वाचता येत नाही. हिला घेतलं कुणी?"

साहेब सगळ्या ऑफिससमोर बोलले. दोघं हसले. मी उभीच.

सोलापुरातली छोटी कंपनी. रक्त तपासणाऱ्या लॅबना सॉफ्टवेअर करून देणारी. मला नोकरीला लागून दोनच महिने झालेले. आई विड्या वळते. माझं आयकार्ड ती गल्लीत दाखवून आली होती.

एका लॅबची तक्रार आलेली. एकाच नावाच्या दोन बायका. मोडनिंबच्या बाईला दुसरीचा रिपोर्ट गेला. आजार असून तिला 'सगळं ठीक' म्हणून घरी पाठवलं. चूक शोधायचं काम माझ्यावर टाकलं. प्रोग्राम साहेबांच्या भाच्यानं लिहिलेला. तो कधीच पुण्याला गेला. त्याला फोन करायचा नाही, असा हुकूम.

हजारो ओळी. कुठं काय चाललंय, एका शब्दानं लिहिलेलं नाही. कॉलेजात स्वतःचा प्रोग्राम लिहायला शिकवलं. दुसऱ्याचा वाचायला नाही. तीन दिवस नुसती बघत बसले. मलाच वाटायला लागलं, साहेब खरं बोलतायत.

शेजारच्या टेबलावरची शबानाआपा हळूच म्हणाली, "पूरा नक्को पढ. एक पेशंट पकड. उसके पीछे पीछे जा."

मी मोडनिंबच्या बाईच्या मागं निघाले. प्रत्येक टप्प्यावर प्रोग्रामच्या हातात काय आहे, ते पडद्यावर छापून बघत. नोंदणीत तिचा नंबर बरोबर. तपासणीत बरोबर. रिपोर्ट काढताना मात्र प्रोग्राम नंबर सोडून नावानं शोधत होता. पहिली सापडेल ती बाई. चुकीची एकच ओळ. तीन वर्षांपूर्वीची.

साहेबांनी ती बघितली. केबिनचं दार लावलं.

"लॅबला मेल टाक. माझ्या हातून चूक झाली, असं लिही."

"सर, तेव्हा मी इथं नव्हते."

"लिही, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

घरी आई म्हणाली, "लिवून टाक की. आपलं कोन ऐकतंय?"

सकाळी लिहायला बसले. 'माझ्या हातून' एवढं टाइप झालं आणि बोटं थांबली. चूक माझी म्हटली, तर लॅब माझे दोनच महिने तपासणार. तीन वर्षांतल्या बाकीच्या बायका चुकीचे रिपोर्ट घेऊन तशाच घरी बसणार.

ते शब्द खोडले. लिहिलं, 'चूक तीन वर्षांपूर्वीची आहे. तेव्हापासूनचे सारख्या नावांचे सगळे रिपोर्ट पुन्हा तपासा.' खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. पाठवलं.

दुपारी नोकरी गेली. लॅबनं तपासलं का, मोडनिंबच्या बाईचं काय झालं, मला कुणी सांगितलं नाही. त्यापुढं मी काहीच करू शकले नाही.

पण आता दुसऱ्याचा कोड मला वाचता येतो. चूक जिथं असेल तिथंच बोट ठेवणार. ती कुणाच्याही भाच्याची असो. माझ्या नावावर घेणार नाही.