रोहिदासचे काळे हात

चौक गावच्या जुन्या हायवेवर रोहिदासचं गॅरेज आहे आणि त्याच्या दारातल्या बाकड्यावर सकाळपासून मी. सून विचारते, "आबा, तुमी तिथं कामाला हाय का?" मी सांगतो, "नाय गं, देखरेखीला." देखरेख कसली, नुसत्या गप्पा! पण त्या बाकड्यावरून माणसं फार छान दिसतात, आणि रोहिदाससारखा माणूस रोज बघायला मिळाला की म्हातारपण गोड लागतं.

आम्ही दोघं एकाच मंडळीतले, म्हणजे एकाच चर्चचे, रविवारी एका चटईवर बसणारे. गिअरबॉक्स उघडावा तर त्यानंच, हे तर ट्रकवाले सांगतील. मी सांगतोय ते त्याच्या हातांचं. गाडीखालून निघाला की कोपरापर्यंत काळा. त्या हातांनी तो चहा पिईल, वडापाव कागदात धरून खाईल, पण प्रार्थना करणार नाही. आधी डिझेल, मग लाकडाचा भुसा, मग कपड्याचा साबण, शेवटी नखांना जुना टूथब्रश. रविवारी पहिलं गीत संपतं तेव्हा हा दारात उभा, हात घासून लालेलाल. पाळकसाहेब एकदा म्हणाले, "रोहिदासभाऊ, देव मन बघतो, हात नाही."

"साहेब, मन मला धुता येत नाय. हात येतात, तेवढं तरी धुतो."

पाळकसाहेबांनी पुढचं गीत काढायला सांगितलं. मी मनातून खूश!

ही सवय त्याच्या आजीची. तिचं शास्त्र, म्हणजे बायबल, पांढऱ्या फडक्यात बांधलेलं असायचं आणि हात धुतल्याशिवाय ती कुणाला गाठ सोडू द्यायची नाही. लहानपणी मी एकदा चिंच खाऊन तसाच तिच्याकडं गेलो, तर तिनं मला थेट विहिरीवर पिटाळलं. येईपर्यंत वाचन संपलं होतं. चिंचही गेली आणि वचनही.

शकूर टेंपोवाल्याला तर हा मोठाच विषय. नमाजाआधी हातपाय धुण्याला त्यांच्यात वजू म्हणतात. तो ओरडायचा, "रोहिदास, आमचा वजू चटकन होतो रं! तू तर इंजिन उतरवल्यागत धुतोस."

"तुला ग्रीस लागत नाय ना शकूरभाय, म्हणून."

हसण्यावारी चाललं होतं सगळं. मग एकदा डोंगराकडच्या वाडीतली सुनंदा आली. कडेवर पोर तापानं फणफणलेलं. दवाखान्याला निघाली होती, टमटमला वेळ होता म्हणून गॅरेजात शिरली. "दादा, पोरावर हात ठेवून प्रार्थना कर."

"थांब गं बाई, हात धुतो."

तो मागं नळावर गेला. डिझेल झालं, भुसा झाला, साबणाचा फेस झाला आणि रस्त्यावर टमटमचा भोंगा वाजला. सुनंदानं एकदा मागं बघितलं आणि गेली. हा ओले हात पुढं धरून आला तेव्हा दारात मी एकटाच. त्यानं तिथंच डोळे मिटून तिच्या पोरासाठी प्रार्थना केली खरी, पण दिवसभर टमटम दिसली की उठून रस्त्याकडं बघायचा.

वैशाखात त्याच्यावर वेळ आली. त्याची पोरगी हर्षला खोपोलीला कॉलेजात. दुपारी मैत्रिणीच्या स्कूटरवरून पडली, डोक्याला मार लागला. निरोप आला तेव्हा रोहिदास ट्रकखाली होता. तसाच निघाला. शकूरनं टेंपो काढला, त्याची बायको नंदा पुढं बसली, मी आणि रोहिदास मागं.

दवाखान्यात पोरगी स्ट्रेचरवर, डोकं पट्ट्यांनी गुंडाळलेलं, डोळे मिटलेले. ऑपरेशनला न्यायचं होतं. नंदा म्हणाली, "अवं, आत नेतायत. तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करा."

रोहिदासनं हात बघितले आणि उलटा पळाला. मी मागोमाग. व्हरांड्यातला नळ कोरडा. अंगणातला नळ फिरवला, तो नुसता फुसफुसला. "आबा, साबण बघा! आबा, पाणी!" माझ्याकडं साबण कुठला? हा तळहात भिंतीवर घासत सुटला. पोरीपाशी थांबायचं सोडून बाप नळ शोधत होता.

शकूरनं त्याचं मनगट धरलं. "अरे, पाणी नसलं तर आमच्यात मातीवर हात टेकून तोंडावर फिरवतात. देवाला काय पाणीटंचाई ठाऊक नाय व्हय?"

"शकूरभाय, असले हात घेऊन..."

तेवढ्यात नंदा आली. तिला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "पोरगी आत चालली. ते हात तिच्यासाठीच काळे झालेत ना? मग चला."

त्याला ओढतच आणलं. नर्सबाई म्हणाल्या, "डोक्याला हात लावू नका." मग त्यानं पोरीचं पाऊल धरलं, दोन्ही हातांनी. एरवी त्याच्या प्रार्थनेला क्रम असतो, आधी स्तुती, मग उपकार, मग मागणं. त्या दिवशी एवढंच आलं, "बापा... पोरगी... बापा..." आमेन काही आलं नाही. स्ट्रेचर हलला. आमेन शकूर म्हणाला, त्यांच्या पद्धतीनं, आमीन.

हर्षला वाचली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली सांगू? "पप्पा, माझा पाय कुणी काळा केला?" आणि हा बाप्या त्या पावलाशी बसून ढसाढसा रडला.

आता तुम्ही म्हणाल, रोहिदासचं धुणं सुटलं असेल. छे! रविवारी अजून तोच उशीर, तेच लाल हात. शकूर चिडवतो, हा हसतो.

पण परवाच सुनंदा पुन्हा आली. पोर आता धावतंय; या वेळी नवरा आजारी होता. रोहिदास ट्रकखालून अर्धा बाहेर आला. मी उठून साबणाची वडी पुढं केली.

"राहू द्या आबा," तो म्हणाला, "ती थांबलीय."

पाना खाली ठेवला, तिथंच गुडघे टेकले आणि काळे हात जोडले.