नाव-गाव सांगितल्याशिवाय नोंद नाही

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी नेटवर्क सांभाळायला होते, तेव्हाची ही गोष्ट. आठवली की मी अजून एकटीच हसत सुटते आणि घरचे म्हणतात, लागलं हिला वेड.

कंट्रोल रूममध्ये आम्ही दोघंच. मी सांगलीची, तोंडाने फटकळ आणि डोक्याने तापट. दुसरे हवालदारकाका. फौजेत सिग्नलला होते, निवृत्तीनंतर इकडे आले. कारखानाभरचे स्विच, कॅमेरे, प्रिंटर सतत आपापली खबर पाठवायचे. आमचं सॉफ्टवेअर ती ओळीओळीनं नोंदवायचं आणि काही बंद पडलं की समोरच्या मोठ्या पडद्यावर लाल पट्टी यायची. काकांचा एकच हट्ट होता, ओळीत यंत्राचा नुसता आकडी पत्ता दिसता कामा नये.

"आकडा काय सांगतीस मला? गावात पावणा आला तर आधी कुणाचा, कुठला, इचारतोच की न्हाई आपण?"

म्हणून त्यांनी सॉफ्टवेअरला तशी शिस्तच लावून दिली होती. ओळ आली की आधी पत्त्याचं नाव विचारायचं, मगच नोंद करायची. नावंही त्यांचीच. गेटवरचा राजा, गोडाऊनची म्हातारी, कँटीनमागचा बहिरा. नव्या माणसाला वाटायचं, इथं लग्नाची यादी चाललीय.

एका सोमवारी नोंदी मागे पडायला लागल्या. आधी दहा मिनिटं, मग तास, गुरुवारी तर तीन तास. सकाळी बंद पडलेल्या प्रिंटरची लाल पट्टी जेवण झाल्यावर यायची, तोवर लोकांनी तो दोनदा चालू करून पुन्हा बंद पाडलेला असायचा. साहेब खाली आले. कायम इस्त्रीतलं, शहरी मराठी बोलायचे.

"उद्या चार वाजता पुण्याची कंपनी येत आहे. तोपर्यंत हे सुधारलं नाही, तर देखरेख त्यांच्याकडे जाईल. हवालदारांनाही मग आराम मिळेल."

आराम म्हणजे घरी. काका चष्मा पुसत बसले. मला इतकं वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी भांडते.

"ही तुमची फौजेतली चौकशीच नडतेय, काका!"

"आगं, पण चार दिस झालं, नावंच येईनात. नुसतं आकडं यायल्यात बघ."

"नावांचं नंतर बघू हो! आधी वेग!"

मी जुन्या नोंदी पुसल्या, मेमरी वाढवली, मशीन तीनदा बंद करून चालू केलं. ढिम्म! शुक्रवारी सकाळी वैतागून सांगलीहून आणलेल्या भडंगाची पिशवी फोडली आणि एकाच ओळीकडे बघत बसले. ओळ आली. थांबली. मी तोंडातला घास चावून गिळला, तेव्हा कुठं ती नोंदली गेली. पुढची आली, तीही थांबली. मशीनवरचा ताण बघितला तर काहीच नाही. अरेच्चा! हे तर काम करतच नव्हतं, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसलं होतं.

कुणाला विचारतंय म्हणून पत्ता बघितला आणि माझी बोबडी वळली. टेबलाखाली पडून असायचं ते जुन्या कॉम्प्युटरचं धुळकट डबडं! आदल्या शनिवारी साफसफाईच्या भरात मीच ते काढून भंगारात दिलं होतं. सगळ्यांची नावं त्याच्यातच होती. आता प्रत्येक ओळीला मशीन विचारत होतं, हा कुणाचा? सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. वाट बघून बघून ते नाद सोडायचं, आकडा लिहायचं आणि पुढच्या ओळीला पुन्हा तेच.

"काका, मीच केलं हे," मी म्हणाले. रडूच फुटलं मला.

काकांनी नीट ऐकून घेतलं आणि असे हसले की चष्मा भडंगात पडला. "म्हंजी माझी चौकशी न्हवं, तुझी सफाई नडली व्हय! लय भारी! ऊठ, लिव आता."

डबडं गेलं ते गेलंच. पण काकांनी डोळे मिटले आणि एकेका पत्त्याचं नाव सांगत सुटले. फौजेतली सवय, सगळं तोंडपाठ. "लिव, पेंट शॉपची थोरली. तिच्या शेजारी धाकटी. जिन्याखालचा लाजरा." मी टाइप करतेय, हसतेय, पुन्हा टाइप करतेय, पोट दुखायला लागलं. ती यादी मी थेट मशीनमध्येच घातली आणि त्याला बजावलं, यादीत नाव सापडलं नाही तर आकडा लिही आणि पुढं हो, ताटकळू नकोस. साडेतीनला चालू केलं. ओळी धडाधड पळाल्या! मी खुर्चीसकट गोल फिरले. काकांनी पडद्याला कडक सॅल्यूट ठोकला.

चारला साहेब आले. त्यांनी कँटीनला फोन लावून मागच्या कॅमेऱ्याची वायर काढायला सांगितली. फोन कानाला असतानाच पडद्यावर लाल पट्टी आली, 'कँटीनमागचा बहिरा: संपर्क तुटला'. साहेबांना हसू आवरेना.

"बिघाड कसला होता?" त्यांनी विचारलं.

"मशीन जुनं झालंतं, साहेब," काका घाईनं म्हणाले. मला वाचवत होते.

पण मला कुठं गप्प बसवतंय! "नाही साहेब. टेबलाखाली एक जुनं डबडं होतं. ते काय करतं ते कुणाला दिसत नव्हतं, म्हणून मी न विचारता काढून टाकलं. चार दिवस अख्खा कारखाना त्याच्याच उत्तराची वाट बघत खोळंबला होता."

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग बराच वेळ काकांकडे. तेवढ्यात पडद्यावर एक बिननावाचा आकडा आला.

"ह्यो कुणाचा?" काका लगेच ताठ झाले.

साहेबांनी नुकत्याच उघडलेल्या आपल्या लॅपटॉपकडे बघितलं. "माझाच."

"नाव-गाव?"

मला वाटलं, संपलं आता. पण साहेब खुर्ची ओढून बसले, भडंगाची मूठ भरली आणि म्हणाले, "लिवा. आटपाडीचा हाय मी." मग गेटवर फोन लावला. "पुण्याच्या पाव्हण्यांना चहा पाजा आणि सांगा, आमच्याकडं माणूस हाय."

मी हसत होते की रडत, माझं मलाच कळेना. काकांनी यादी उघडली, चष्म्याला चिकटलेला चुरमुरा काढला आणि वर बघितलं.

"आटपाडीत कुठं, साहेब?"